कानशिलावरची लव

"जरा सैल घाला, मिस वर्नीस," डेल्फीन म्हणाली आणि वर्नीसचा हात हवेतच थांबला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, वर्नीसच्या वेण्या घालायच्या दुकानात बायकांना बसायला जागा नसताना, असं बोलायची हिंमत मेकन गावात आजवर कुणी केली नव्हती. वर्नीसचं नावच मुळी घट्ट वेण्यांसाठी होतं. टाळूला चिकटून गुंफलेल्या तिच्या बारीक वेण्या सहा आठवडे जागच्या हलत नसत. भुवया वर ताणल्या जात, कपाळाच्या कडेनं पुटकुळ्या उठत, पहिल्या रात्री उशीला डोकं टेकवत नसे. बायका डोकेदुखीची गोळी पर्समध्ये घेऊनच येत आणि वर तिचंच कौतुक करत. जास्त दुखलं म्हणजे हात चांगला, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

खुर्चीत डेल्फीनची सहा वर्षांची कॅमिल बसली होती. पुढच्या तीन वेण्या घालून झाल्या होत्या आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. शाळेची बस चालवणारी डेल्फीनही याच वयापासून याच खुर्चीत बसत आलेली. गेले चार महिने मात्र ती फिरकली नव्हती. दुसरं दुकान धरलं असेल, म्हणून वर्नीस मनातून फुगून बसली होती.

"सैल वेणी सोमवारपर्यंत टिकत नाही," वर्नीस म्हणाली. "सैलच हवी तर घरी घाल."

 डेल्फीननं डोक्याचा रुमाल सोडला. दोन्ही कानशिलांवर दोन-दोन बोटं रुंद जागा उघडी पडली होती.

 मग डेल्फीननं सगळं सांगितलं. आधी तिनं शाम्पूला दोष दिला, मग गावच्या पाण्याला, मग आईच्या घराण्याला. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, वेण्या किती घट्ट घालता? वर्षानुवर्षं ओढ बसली की मूळ थकतं, केस बारीक होतो. वेळीच ओढणं थांबवलं तर तो परत येतो. नाही थांबवलं तर मुळाच्या जागी व्रण होतो, कातडी गुळगुळीत होते आणि मग जगातलं कुठलंही तेल उपयोगाचं नाही. बाईंनी चार महिने काही बांधू नको म्हणून सांगितलं होतं. चार महिने कालच भरले होते.

"काही उगवलंय का, ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला आरशात बघवत नाही."

वर्नीसला आधी रागच आला. अडतीस वर्षं या हातांनी गाव सजवलं, आणि चार बुकं शिकलेली बाई आता तिला केस शिकवणार! पण ती उघडी जागा कुणी केली, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? तिथली एकूण एक वेणी तिनंच ओढली होती.

बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचं भिंग तिनं खणातून काढलं आणि डेल्फीनला खिडकीपाशी नेलं. डाव्या कानशिलावर भिंग धरलं आणि ती बघतच राहिली. लव होती. काळी, कोवळी, प्रत्येक केस आपापल्या इवल्या छिद्रातून बाहेर पडून तिथंच वळलेला. उजवीकडे विरळ, पण होती. वर्नीसनं उभ्या जन्मात लाखो केस हाताळले, पण केस उगवताना कधी बघितला नव्हता. एवढ्या लहानपणी तो दिसावा इतकी सवड तिनं त्याला कधी दिलीच नव्हती.

"एवढं ओढलं रे तुम्हाला," ती त्या केसांनाच हळू म्हणाली, "तरी आलात?"

डेल्फीन तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

मग वर्नीसनं डोक्यावरचा केसांचा टोप काढला. टोप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, खालचं कुणी पाहिलं नव्हतं. "केस जाणं आमच्या रक्तातच आहे" असं ती बावीस वर्षं सांगत आली होती. आणि आई दर शनिवारी तिला गुडघ्यांत दाबून वेण्या घालायची, तेही तिला आठवत होतं.

"माझं बघ," ती म्हणाली.

डेल्फीननं भिंग घेतलं. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत ती सावकाश बघत गेली, पुन्हा परत आली. फार वेळ लावला तिनं.

"खरं सांग, पोरी."

"नाही, मिस वर्नीस. इथं काही नाही."

"बरं," वर्नीस म्हणाली.

टोप तिनं बाटल्यांशेजारी ठेवून दिला. बायका बघत होत्या, त्यांना बघू दिलं. बोटांना तेल लावून तिनं कॅमिलच्या तिन्ही वेण्या सोडल्या, कपाळाकडेची लव मोकळी ठेवली आणि हलक्या हातानं पहिल्यापासून सुरुवात केली. अडतीस वर्षांची सवय, बोटं सारखी आवळायला बघत. ती थांबे, सैल करी, पुढे जाई.

पाचव्या वेणीला पोरीची मान कलली. वर्नीसनं वाकून पाहिलं. कॅमिल झोपली होती. त्या खुर्चीत आजवर एकही पोर झोपलं नव्हतं.