पाठीमागचं इंजिन

गाड्यांच्या सीट शिवण्यात सीटवाल्याचा जन्म गेला, पण जीव जडला तो या एकीवरच. बुटकी, दोनच माणसांची, आणि इंजिन बोनेटखाली नाही, तर बसणाऱ्याच्या पाठीमागे, गाडीच्या मधोमध. जुनी, म्हणून खिशाला परवडणारी. मालकाने सीट शिवायला आणली आणि विकायची आहे म्हणाला. वळणावर ती अशी अलगद फिरे, की सीटवाल्याला वाटे, आपण नुसतं मनात आणलं आणि ही वळली.

घोडं अडलं होतं घरात. आजारपणात बायकोचे कान गेले आणि त्यांच्याबरोबर तिचं गुणगुणणंही. पूर्वी कापड बेततानासुद्धा ती गुणगुणायची. आता सीटवाल्याला दुकान खायला उठे.

गाडी पाहून ती म्हणाली, "दोनच माणसं? नातवंडं काय टपावर बसवायची? या वयात भलते डोहाळे!"

"एक चक्कर मारू," तो तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला. ती ओठ वाचायची. "नाही आवडली तर विषय संपला."

तिच्या सीटमध्ये त्याने ठेवणीतला जाड फोम ठासून भरला. सीटवाला लाड करणार तो असाच. चक्कर निम्मी झाली तरी ती आपली खिडकीबाहेर बघत होती.

"मऊ आहे," ती म्हणाली. "चला आता घरी."

तो हिरमुसला. त्याची स्वतःची सीट अजून अर्धवट होती, नुसत्या पट्ट्यांवर ताणलेलं कापड. इंजिनाची थरथर मणक्यातून मानेपर्यंत चढत होती. आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या वाट्याची थरथर त्यानेच फोममध्ये बुडवली होती!

गाडी बाजूला घेऊन त्याने खिशातल्या सुरीने तिच्या सीटची आपलीच सुबक शिवण उसवली आणि पाठीमागचा सगळा फोम उपसून काढला.

"अहो, वेड लागलं का? नवीकोरी शिवण!"

त्याने तिला पुन्हा बसवून गाडी सुरू केली. पुढे टेकडीचा चढ होता, मऊ पिवळं ऊन पडलं होतं. गाडी चढू लागली तशी इंजिनाची थरथर तिच्या पाठीत शिरली. तिने पाठ ताठ करून सीटला टेकली, डोळे मिटले. मग अगदी बारीक, जरा बेसूर, ती गुणगुणू लागली. सीटवाल्याला पुढचा रस्ता अंधुक दिसू लागला. त्याचा हात सवयीने गिअरकडे गेला.

तिने तो धरला.

"बदलू नका हो," ती म्हणाली. "चढू दे अजून."