आमच्या ह्यांना विचारून

आमचे हे कधी जन्मालाच आले नाहीत. तरी त्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्यासाठी जेवढं केलं, तेवढं एखाद्या खऱ्या नवऱ्याने केलं असतं की नाही, याची मला शंकाच आहे.

त्यांना जन्माला घातलं आमच्या लॅबमधल्या सल्लागाराने. आम्ही दातांच्या कवळ्या बनवतो. तो साचे ओततो, मी दातांचे रंग जुळवते, आणि तो दिवसभर कुणी न विचारता सल्ले देतो म्हणून त्याचं नाव सल्लागार. मी जुनी गाडी शोधतेय म्हटल्यावर त्याने हातातलं काम खाली ठेवलं. एकटी बाई गाडी घ्यायला गेली की विकणारा तिला शेंडी लावणारच, असं त्याचं ठाम मत. तेव्हा नवरा आहे असं सांगायचं. तो कामावर असतो, त्याला इंजिनातलं सगळं कळतं, आणि त्याला विचारल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकत नाही. गाडी कितीही आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. ह्यांना विचारून सांगते म्हणायचं आणि सरळ चालू लागायचं, भाव आपोआप खाली येतो.

लग्न न करता मी पन्नाशीला आले, ते काही कुणाच्या आडून बोलायला नाही. पण गाडी मला हवी होती, आणि ती ताईसाठी हवी होती.

ताई माझी थोरली बहीण. आई-बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. मागच्या वर्षी तिला झटका आला आणि डावा हात नि डावा पाय लुळा पडला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्टचा पत्ता नाही. तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथून दर रविवारी माणसाला दिवसभर बाहेर नेता येतं, अट एकच. गाडी नातेवाइकाची स्वतःची हवी. भाड्याची चालत नाही, कारण पूर्वी एका ड्रायव्हरने कुण्या आजोबांना अर्ध्या रस्त्यात उतरवून दिलं होतं. त्यामुळे तिथे गेल्यापासून ताईने फाटकाबाहेरचं जग पाहिलंच नव्हतं. सुरुवातीला ती विचारायची, "कधी नेतेस?" मग म्हणायला लागली, "जमलं तर बघ." आणि आताशा ती काहीच विचारत नव्हती. मेट्रनने मला बाजूला घेऊन सांगितलं की एकदा विचारणं थांबलं की हळूहळू उठून बसणंही थांबतं, तेव्हा काय करायचं ते लवकर करा.

लवकर म्हणजे कसं, ते मेट्रनला कोण सांगणार? नवीन गाडीसाठी वर्षभराची रांग होती, कारण कारखान्यांना कसलेसे सुटे भाग मिळत नव्हते. म्हणून सगळं जग जुन्या गाड्यांवर तुटून पडलं होतं. विकणाऱ्यांची नुसती चांदी. जाहिरात वाचून फोन करावा तर पलीकडून "गेली" एवढंच ऐकू यायचं, आणि तेही आपणच त्यांचा वेळ खाल्ल्यासारखं. ज्यांची गाडी गेलेली नसायची, ते बघायला या म्हणायचे, पण घासाघीस करायची असेल तर येऊ नका हेही आधीच बजावायचे. टायरं गुळगुळीत, दरवाजा दोरीने बांधलेला, आणि भाव विचारला तर आपणच जमिनीवर बसावं असा.

जुन्या गाड्यांच्या बाजारात गळ्यात टाय बांधून गाड्या विकणारा एक टायवाला होता. त्याने मला एक पांढरी गाडी दाखवली, एकदाही ठोकलेली नाही म्हणून शपथ घेतली. मी मागच्या दरवाजासमोर उभी राहिले. तो दरवाजा पुढच्यापेक्षा जरासा पिवळा होता. तोंडातला एक खोटा दात शेजारच्या खऱ्या दातांत कसा मिसळून टाकायचा, यावर माझं पोट चालतं. पांढऱ्यातले प्रकार मला नाही कळणार तर कुणाला? तसं सांगितलं तर टायवाला हसून म्हणाला, मॅडम, उन्हामुळे वाटतं तसं. मग मी म्हटलं, आमच्या ह्यांना दाखवते, ते लगेच ओळखतील. त्याचं हसू मावळलं. नसलेल्या माणसाला एवढा मान मिळताना पाहून मला रागही आला आणि मजाही वाटली.

मग ती सवयच लागली. प्रत्येक गाडीगणिक हे वाढत गेले. ह्यांना डिझेलचा वास सोसायचा नाही. ह्यांना पित्ताचा त्रास होता, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी गाडी चालवून बघणं ह्यांना जमत नसे. हे कमी बोलायचे, पण बोलले की दोन शब्दांत निकाल. घरी येऊन मी एकटीचं ताट वाढून घ्यायची आणि मनात म्हणायची, हे असते तर आजच्या गाडीला नाकं मुरडली असती. ताई शुश्रूषागृहात गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात मी कुणाशी बोलले नव्हते. तेव्हा मी वेडी झाले होते असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

एका शुक्रवारी सकाळी मला काकांची जाहिरात दिसली. भाव इतका बेताचा की छापताना एखादा आकडा गळाला असावा. मी लॅबला दांडी मारून तडक गेले.

काका म्हणजे ऐंशीच्या घरातले, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेले एकटे गृहस्थ. गाडी दारातच उभी होती, जुन्या वळणाची, उंच, स्वच्छ. इंजिन गार होतं, मी हात लावून पाहिला. एका झटक्यात सुरू झालं आणि शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. मी चारही बाजूंनी फिरले. पांढरा सगळीकडे एकच होता. मग काकांनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, सीटखालची एक कळ दाबली, आणि ती सीट वळून अख्खी दाराबाहेर आली, खाली झुकली आणि थांबली. त्यांच्या पत्नीला शेवटची काही वर्षं चालता येत नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी ती सीट करून घेतली होती. गेल्या हिवाळ्यात ती गेली, आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांनाही गाडी चालवायला मनाई केली.

भाव कमी का, ते मग कळलं. आदल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं दुप्पट द्यायला तयार होती, पण दोघांनीही सीट काढून टाकायला किती खर्च येईल एवढंच विचारलं. काकांनी दोघांना वाटेला लावलं. ज्याला त्या सीटचा उपयोग आहे, त्यालाच गाडी द्यायची, मग पैसे थोडे का मिळेनात, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी त्यांना ताईबद्दल सांगितलं. ते खरं होतं, आणि खरं तेवढंच सांगून गप्प बसले असते तर पुरलं असतं. काकांनी चहा केला. ताईला सीटवर बसवताना आधी पाय आत घ्यायचे की पाठ टेकवायची, हे समजावताना ते स्वतःच सीटवर बसून दाखवत होते. माझ्या मनाने ताई त्या सीटवर कधीच बसली होती. मी मनात गाडी तळ्याकाठी नेऊन उभीसुद्धा केली होती.

"बरोबर कोण असतं तुमच्या?" काकांनी विचारलं. "खुर्ची उचलायची, माणूस उचलायचं. एकट्याचं काम नाही ते."

आणि मी म्हणाले, "आमचे हे असतात ना. दर रविवारी आम्ही दोघं मिळूनच जातो तिच्याकडे."

का म्हणाले? जिभेला तेच वळण लागलं होतं म्हणून. गाडी इतकी आवडली होती की ते चेहऱ्यावर दिसेल या धास्तीने म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्या स्वच्छ खोलीत, बायकोसाठी दुसरा कप मांडायची सवय न सुटलेल्या माणसासमोर बसून, मला कुणी नाही असं म्हणायची लाज वाटली म्हणून. मी एवढ्यावर थांबले नाही. हे ताईची खुर्ची ढकलतात, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, दोघांचं चांगलं जमतं, असं बरंच काही माझ्या तोंडून गेलं. काका ऐकत होते, मान हलवत होते. मग मी सल्लागाराचा धडा गिरवला. भाव आधीच मातीमोल होता, तरी म्हणाले, आमच्या ह्यांना विचारून संध्याकाळी फोन करते.

"जरूर विचारा," काका म्हणाले. "घरच्यांना विचारूनच घ्यावं."

बाहेर पडले आणि पहिलं काम काय केलं, तर मेट्रनला फोन. रविवारी बाहेर न्यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवावं लागतं. मेट्रनने फोन ताईच्या कानाला लावून दिला. झटक्यापासून ताईचे शब्द घरंगळत येतात. तिने विचारलं, "तुझी गाडी?" मी म्हटलं, माझीच, आणि रविवारी तळ्यावर जायचं. ती म्हणाली, "केस धुवून घेते."

संध्याकाळी मी काकांना फोन केला. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं की गाडी दुपारी दिली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येणार होतं.

एक मधल्या वयाचा माणूस आला होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. बायको नाही, भावंडं नाहीत, आईला खाली आणताना तो तिला पाठीवर घेतो. "मी विचार केला," काका म्हणाले, "तुमच्याकडे माणसं आहेत. तुमचे यजमान आहेत हाताशी, तुम्ही दोघं मिळून कसंही निभावून न्याल. त्याला बिचाऱ्याला कुणी नाही. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

मला वाईट वाटलं नाही. मला काहीच वाटेना. मग मी ते बोलले, जे मी आजवर कुणाजवळ मोठ्याने बोलले नव्हते.

"काका, मला कुणी नाही. मी एकटीच आहे."

"आणि तुमचे हे?"

"नाहीत. कधीच नव्हते."

मग काकांचा आवाज आला, आधीपेक्षा बराच म्हातारा. "अहो, मग सकाळी का नाही सांगितलंत? मी तुमच्याच हातात किल्ली देणार होतो. सीटवर बसून तुम्हाला दाखवत होतो तेव्हाच ठरवलं होतं मी."

त्या माणसाला फोन करून बघू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मोठं मन वगैरे काही नाही. पाठीवर आई घेऊन जिना उतरणारा माणूस एकदा डोळ्यांसमोर आला की त्याच्या हातातली किल्ली कोण मागणार? काका म्हणाले, सवड झाली तर चहाला या. मी हो म्हटलं. दोघांनाही माहीत होतं की मी जाणार नाही.

शनिवारी मी बाजार पालथा घातला. कसलीही गाडी, कसल्याही भावाने घ्यायला तयार होते. एकीचं दारच उघडेना, दुसरीला मागची सीटच नव्हती. शेवटी टायवाल्याकडे जाऊन त्या पिवळट दरवाजाच्या गाडीची चौकशी केली. ती कधीच विकली गेली होती. टायवाल्याने विचारलं, साहेब नाही आले? मी म्हटलं, साहेब वारले. तो बिचारा खुर्ची पुढे करायला लागला, आणि मी तिथून निघाले.

ताईला फोन करून कळवायला हवं होतं. मी तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर सांगितलं असतं तर तिचा चेहरा मला दिसला नसता, आणि तेवढी सूट मी स्वतःला द्यायला नको होती. निदान आता मला तसं वाटतं. तेव्हा फक्त धीर झाला नव्हता.

रविवारी मी नेहमीसारखी बसने गेले आणि शेवटच्या थांब्यापासून चालत वर आले. ताई फाटकाजवळ होती. खुर्चीत, निळ्या फुलांच्या साडीत, धुतलेले केस मागे बांधलेले. मेट्रन म्हणाली, सकाळपासून आत यायला तयार नाही, येणारी प्रत्येक गाडी माझ्या बहिणीचीच म्हणते. ताईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, काकांचं, सीटचं, मी जोडलेल्या नवऱ्याचं, त्या माणसाचं आणि त्याच्या आईचं. काही लपवलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या पायांत नव्या सँडल होत्या, शुश्रूषागृहातल्या कुणाकडून तरी मागवून घेतलेल्या. ती खाली वाकली आणि उजव्या हाताने एका सँडलचा पट्टा सोडवायला लागली. पट्टा कडक होता, सुटत नव्हता. मी मदतीला हात पुढे केला, तर तिने मान हलवून नको म्हटलं. मी तिच्याशेजारी फाटकाच्या कठड्यावर बसले आणि तिचं होईपर्यंत थांबले. पहिली सँडल काढून तिने मांडीवर ठेवली, आणि मग दुसरीला हात घातला.