नळीत उरलेलं सिझियम

धाकट्याने गाडी दादाच्या फाटकाशी लावली, मागच्या सीटवरच्या पेटीची बॅटरी नीट आहे ना ते वाकून पाहिलं आणि मगच तो खाली उतरला. पेटीत त्याचं क्वार्ट्झचं घड्याळ होतं. घड्याळ आपलं म्हणायला. त्याला ना काटे, ना तोंड. स्फटिकाचा एक खडा छोट्याशा भट्टीत अखंड गरम ठेवायचा, तो इमानेइतबारे थरथरत राहतो, आणि त्याच्या थरथरण्यावरून सेकंद मोजायचा. वीज गेली, भट्टी निवली की खडा रुसतो आणि पुन्हा ताळ्यावर यायला महिने घेतो. म्हणून परगावी निघालं तरी बॅटरी सोबत. लोक तान्ह्या मुलाचीसुद्धा एवढी उस्तवार करत नसतील.

आज तो आला होता दादाचं घड्याळ न्यायला. दादा जाऊन फार दिवस झाले नव्हते. वहिनी घर रिकामं करून लेकीकडे राहायला निघाली होती. तिनेच फोन केला होता. "भावजी, ते तुमचं घड्याळ घेऊन जा बाई. मला काही ते उचलवत नाही, आणि भंगारात द्यायला जीव होत नाही."

वाटभर धाकट्याच्या मनात एकच घोळत होतं, नळीत काहीतरी उरलेलं असू दे. दादाशी बोलायचं राहून गेलं ते गेलंच. निदान दोघांनी मिळून आणलेलं घड्याळ तरी चालू हाती यावं.

ते अणुघड्याळ होतं. दादा ज्या टेलिफोन केंद्रात नोकरीला होता तिथे ते भिंतीला टेकून वर्षानुवर्षं चाललं, आणि उपग्रहावरून वेळ मिळायला लागल्यावर मोडीत निघालं. दोघा भावांनी ते विकत घेतलं. भंगारवाला कौतुकाने म्हणाला होता, "माल एक नंबर आहे साहेब, एक दिवस बंद नव्हता." दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, तीच तर रड आहे!" कारण असं जुनं घड्याळ घेताना रंगरूप बघायचं नसतं, ज्या धातूच्या अणूंवर ते चालतं ते सिझियम आतल्या नळीत किती उरलंय ते बघायचं असतं. घड्याळ जितका वेळ चालू, तितकं ते खर्ची पडतं, आणि संपलं की संपलं. नवी नळी घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. त्यांच्या नळीत तळाशी थोडंसंच उरलं होतं.

म्हणून दादाने नियम घातला. घड्याळ एरवी बंद. अधूनमधून फक्त आतली हवा ओढणारा पंप चालवायचा, नाहीतर नळी खराब होते. आणि वर्षातून एकदा, थंडीतल्या एखाद्या रविवारी, ते पुरतं चालू करायचं. त्या दिवशी धाकटा आपलं क्वार्ट्झ घेऊन यायचा, दादाचं क्वार्ट्झ तिथे असायचंच, आणि खरं कोण, खोटं कोण याचा निवाडा अणुघड्याळ करायचं. नळी नीट चालू असल्याचा हिरवा दिवा लागला की दोघे लहान पोरांसारखे एकमेकांना कोपराने ढोसायचे. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, "सेकंदाचे एवढे तुकडे करतात, आणि स्वतःच्या लग्नाला उशिरा आले होते हे!" संध्याकाळी दादा घड्याळ बंद करायचा. धाकटा म्हणायचा, अजून तासभर राहू दे. दादा मान हलवायचा. पै-पैशाचा चिक्कू नव्हता तो, पण त्या नळीच्या बाबतीत महाचिक्कू.

मग एकदा दादा वहिनीला घेऊन लेकीच्या बाळंतपणाला गेला आणि पंप चालवायला घराची किल्ली धाकट्याकडे देऊन गेला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. धाकट्याने पंपाबरोबर अख्खं घड्याळच चालू केलं आणि आपलं क्वार्ट्झ त्याच्याशी ताडून बघण्यात दादा परत येईपर्यंत चालूच ठेवलं. दादा आला, त्याने घड्याळाच्या गरम झाकणावर हात ठेवला आणि हात तसाच राहिला.

"धाकट्या, तू त्याचं आयुष्य खाल्लंस," तो म्हणाला.

"कपाटात ठेवलेलं आयुष्य कोणाच्या कामाचं, दादा?" धाकटा म्हणाला. तो माफी मागायलाच निघाला होता, पण तोंडातून हे निघालं.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी हे दोघे भाऊ पाहिले नव्हते. त्यानंतर थंडीतले रविवार आले आणि गेले. ना याने फोन केला, ना त्याने.

दादा आजारी आहे हे धाकट्याला चुलतबहिणीकडून कळलं होतं. तेव्हा त्याने नुकतंच एक जुनं क्वार्ट्झ विकत घेतलं होतं, मोठ्या प्रयोगशाळेतून निघालेलं, दादाने पाहिलं तर डोळे विस्फारले असते असं. पण त्याच्या भट्टीचा थर्मोस्टॅट बिघडलेला होता. धाकट्याने तो बदलला, खड्याची भट्टी पुन्हा पेटली आणि खडा ताळ्यावर यायची वाट बघणं सुरू झालं. हे एकदा बसू दे, त्याने ठरवलं, मग घेऊनच जातो दादाकडे. म्हणेन, लाव तुझं घड्याळ, बघ माझं किती खरं आहे. माफी मागायचं काम त्या पेटीने परस्पर केलं असतं. कच्चं घेऊन गेलो तर दादा दात काढेल, या भीतीने तो थांबला. खडा सावकाश बसत होता. खडा बसण्याआधी दादा गेला. अंत्यविधीला धाकटा बाकीच्या पुरुषांत मागे उभा राहिला आणि घरात पाऊल न टाकता परतला.

वहिनीने दार उघडलं. घरात खोकीच खोकी. "या भावजी. पाणी घ्या आधी," ती म्हणाली, पण त्याला धीर नव्हता. तो थेट मागच्या खोलीत गेला.

खोली उबदार होती. पंख्याची घरघर ऐकू येत होती. दादाच्या टेबलाशेजारी ते उंच, राखाडी घड्याळ उभं होतं, चालू. आणि त्यावर लाल दिवा लागलेला. धाकट्याने मीटरचा खटका नळीवर आणला. सुई तळाशी निपचित पडली होती. त्याने खटका फिरवला, पुन्हा आणला, काचेवर टिचकी मारली. मेलेल्याची नाडी बघावी तसं ते होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

"वहिनी!" तो ओरडलाच. "हे कोणी चालू ठेवलं? इतकी वर्षं या घरात राहिलीस, एवढं साधं माहीत नाही तुला? संपली ना नळी! आता याचा टेबलासारखा वापर करायचा का?"

वहिनी दारात आली. हातातलं फडकं तिने खांद्यावर टाकलं.

"ह्यांनी चालू ठेवलं," ती म्हणाली.

"दादा? दादा तासभर जास्त ठेवायचा नाही."

"आजारपण कळलं ना, तेव्हा लावलं. म्हणाले, ऐकलं की धाकटा येणार. कधीही येईल. मला उठून ते चालू करता येणार नाही, नि तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो आला की त्याला चालू सापडलं पाहिजे." वहिनी घड्याळाकडे बघत होती. "मी म्हटलं, अहो, संपेल ना ते. इतकं जपलंत. तर म्हणे, संपू दे. बंद दिसलं तर त्याला वाटेल, याचा राग अजून गेला नाही."

धाकटा दादाच्या स्टुलावर बसला.

"रोज विचारायचे, हिरवा आहे ना गं? मी येऊन बघायची नि सांगायची, आहे. शेवटी शेवटी लाल झाला." तिने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. "तरी मी हिरवाच सांगितला."

"मला फोन का नाही केलास, वहिनी?"

"करू देत नव्हते. तो आपणहून येईल म्हणायचे. तुम्ही दोघे एकाच मातीचे." तिने फडक्याने घड्याळाच्या कडेवरची धूळ पुसली. "तो आला की तोच बंद करेल, असं सांगून ठेवलं होतं. म्हणून मी हात लावला नाही. करा आता बंद."

धाकट्याने दादाने शिकवलेल्या क्रमाने एकेक खटका खाली केला. पंखा थांबला. मग त्याने वहिनीला सगळं सांगितलं, ते प्रयोगशाळेतलं क्वार्ट्झ, बदललेला थर्मोस्टॅट, आणि खडा बसायची वाट बघत काढलेले महिने. सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की मध्येच बोलणं तुटलं. दोन्ही हातांत तोंड धरून तो रडला.

वहिनी ऐकत उभी होती. या घरात आयुष्य काढलेलं असल्यामुळे तिला ते खुळ्यासारखं वाटलं नाही.

"मग बसलं का ते?" तिने विचारलं.

"बसलं. आणलंय गाडीत." त्याने डोळे पुसले. "मी तसाच, कच्चं घेऊन आलो असतो, तर चाललं असतं ना गं त्याला?"

वहिनीला त्याची कीव आली, पण खोटं बोलायचं होतं तेवढं ती बोलून चुकली होती.

"रिकाम्या हातांनी आला असतात तरी चाललं असतं," ती म्हणाली.