ओरिनने फक्त वेग मोजला

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका गावात, ओरिन लुंडक्विस्टच्या तळघरात माझे आयुष्य गेले. त्याचा संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्याचे वडील लेनर्ड गावच्या रेडिओवर बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांचे वर्णन करायचे. ते गेले, त्या वर्णनांच्या मूळ ध्वनिफिती कचऱ्यात गेल्या. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्या पोटात, अगदी मधोमध. मी तो जिवापाड जपला.

ओरिन मात्र रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन माझा वेग मोजत बसायचा. ही सेटिंग बदल, ती बदल, पुन्हा मोज. आकडा वाढला की इंटरनेटवरच्या दोस्तांना दाखवायचा. तेही त्याच माळेचे मणी! पण ती चाचणी माझा सुरुवातीचाच भाग वाचते. दारातून डोकावून घरातले सगळे बरे आहेत म्हणण्यातला प्रकार.

पुढे माझे मधले तुकडे वाचता येईनासे झाले. मी काही लपवले नाही. माझ्या तब्येतीची तपासणी केली की अहवालाच्या तळाशी खराब तुकड्यांचा आकडा दर वेळी मोठा दिसायचा.

"ओरिन, बाबांच्या आवाजाची एक प्रत मला काढून दे ना," त्याची बहीण व्हर्ना म्हणायची. "कधीची सांगतेय!"

"अगं, वरच लिहिलंय, 'पास'! खालचं कोण वाचत बसतंय? आणि वेग बघ हिचा. तुझ्या त्या खटाऱ्या ट्रकला घाम फुटेल."

"माझा खटारा घरी पोचवतो तरी!"

हिवाळ्यात गावाने नव्या हॉकी मैदानाला लेनर्ड यांचे नाव दिले. सारा गाव जमला. ओरिनने ऐटीत मैदानातल्या कर्ण्यांना संगणक जोडला. "मंडळी, बर्फ तयार आहे, पोरं तयार आहेत..." लेनर्ड यांचा आवाज घुमला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पुढचा तुकडा मी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, खरखरले, तडफडले. आवाज तिथेच थांबला, तो कायमचा.

व्हर्नाचे डोळे भरले होते. ती एवढेच म्हणाली, "आता वेग किती आहे रे?"

ओरिन सगळ्यांना सांगत सुटला, डिस्कने दगा दिला. मी! मला काढून त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आली, आणि मित्रांनो, त्याने आधी तिचा वेग मोजला.

आम्हाला जपा, असे म्हणायचीही आता इच्छा नाही. फक्त कुणाची तब्येत विचारलीत, तर उत्तर शेवटपर्यंत ऐका. बर्फ तयार आहे, पोरं तयार आहेत, एवढे माझ्यात अजून शाबूत आहे. व्हर्नाला तेवढेही चालले असते. पण डबा कोण उघडतो?