जादूघराचा कललेला खांब

मोमिनाबादच्या छावणीत गोऱ्यांनी आपल्या गुप्त बंधुमंडळाचं लॉज बांधलं. लोक त्याला जादूघर म्हणत. खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे कुणी डोकावायला नको. आत काळीपांढरी फरशी, छताला निळा रंग, त्यावर चांदण्या. दाराच्या आतल्या अंगाला दोन दगडी खांब. त्यांच्यावर भार कसलाच नाही. जहागीरदारासारखे फुकट उभे.

युसूफ वडगावचे मोहनराव देशमुख मोठ्या खटपटीनं त्यात शिरले. साहेबाशेजारी खुर्ची मिळावी, एवढीच आस. त्यापायी प्रवेशाच्या विधीत डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, एक पाय अनवाणी, सगळं सोसलं. तिथं सगळे स्वतःला गवंडी म्हणवत, एकमेकांना भाऊ म्हणत आणि चांदीच्या थाप्या मिरवत. इमारत उभी केली होती सटवा गवंड्यानं. पण ती पुरी होताच नियम निघाला, भाऊ नसेल त्यानं आत पाऊल टाकायचं नाही.

पावसाळ्यात काळी माती खचली आणि एक खांब कलला. दसऱ्याला हैदराबादहून मोठे साहेब यायचे होते. लॉजचे प्रमुख डॉक्टरसाहेब म्हणाले, सटवालाच भाऊ करून घेऊ, आपल्याकडं सगळी माणसं सारखीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग रीतीप्रमाणं गुप्त मतांची पेटी फिरली. पांढरी गोटी होकाराची, काळी नकाराची. एक काळी पडली तरी माणूस बाद.

मोहनरावांना घाम फुटला. ज्याला कधी ओट्यावर चढू दिलं नाही, त्याला आता भाऊ म्हणायचं? त्यांनी गुपचूप काळी टाकली. पेटी उघडली, तर आत पांढरी एकही नव्हती. डॉक्टरसाहेबांचीसुद्धा काळीच.

सटवाला कळलं तेव्हा तो नुसता हसला आणि धर्मापुरीच्या कामावर निघून गेला.

आता खांब या गवंड्यांनीच सरळ करायचा. मोहनराव सगळ्यांत नवे, म्हणून चुना वाहायचं काम त्यांच्याकडं आलं. नाही म्हणावं तर खुर्ची जाते. चुना मळायची जागा बाहेर, भर रस्त्याला लागून. देशमुखांच्या डोक्यावर घमेलं, मिशीवर चुना, मान लटलटतेय.

त्यांचा सालगडी म्हाळू गावाकडून निरोप घेऊन आला होता. तो बघतच राहिला. मग पुढं होऊन त्यानं हात पसरले.

"लई जड हाय मालक. द्या हिकडं."

मोहनरावांचा जीव घमेलं सोडायला आसुसला होता. तेवढ्यात आतून डॉक्टरसाहेबांनी हाक दिली, भाऊ, चुना.

"सर बाजूला," मोहनराव म्हणाले. "तुला आत येता येत न्हाई."

आणि घमेलं सावरत ते आत गेले.