फोन करायचं कोणी उरलं नाही

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत आणि तीही त्या नावावर खूश होती. कॉम्प्युटरमध्ये डोळ्यांतला दाब वाढलेल्या रुग्णांचं एक टेबल, म्हणजे यादी, होतं, फोन करून बोलावून झालेल्यांचं दुसरं. पहिल्यातून दुसऱ्यातले वगळायचे, उरतील त्यांना फोन करायचा. तिने चुटकीसरशी तशी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहिली. उत्तर आलं शून्य.

"सिस्टर, एकही उरला नाही!" तिने ऐटीत सांगितलं. फोन करकरून घसा बसलेल्या सिस्टरांनी हुश्श केलं. शून्य बघून शंका यावी, एवढं काही हिच्या डोक्यात आलं नाही.

काही महिन्यांनी पहिल्या टेबलातले एक बसचालक काका आपणहून डोळे तपासून घ्यायला आले. डावीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नव्हता. बिचारा थोडक्यात वाचला. डॉक्टर त्यांच्यावरच उखडले. "इतके दिवस झोपला होतात का? गेलेली नजर परत येत नाही. आता बस चालवणं विसरा."

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "म्हटलं, काही असतं तर तुम्ही फोन केलाच असता."

दारात उभ्या असलेल्या कॉम्प्युटरबाईने हे ऐकलं. तिने धावत जाऊन दुसरं टेबल उघडलं. एका ओळीत रुग्णाचा नोंदणी नंबरच नव्हता. रिकाम्या जागेशी ताडायला गेलं की डेटाबेस 'हा तो नव्हे' असं म्हणत नाही, 'माहीत नाही' म्हणतो, आणि मग एकालाही उरलेल्यांत धरत नाही. सिस्टरांच्या नावाने बोटं मोडायला ती तयारच होती, पण ओळीपुढे भरणाऱ्याचं नाव तिचंच होतं. स्क्रीन चालते का बघायला तिनेच ती भरली होती आणि पुसायची विसरली होती. शरमेने तिचे कान तापले. 'मशीनची गडबड' असं सांगून टाकावं असंही मनात आलं, आणि त्याची आणखीच लाज वाटली.

काका बाहेर बाकावर बसले होते.

"काका, तुमचा फोन माझ्यामुळे राहिला. तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी शिव्या घालाव्यात, म्हणजे निदान सुटल्यासारखं तरी वाटेल, असं तिला झालं.

"माझ्यासारखे अजून किती राहिलेत?"

तिने ते पाहिलंच नव्हतं. ती ओळ सापडल्यापासून आपलं तोंड कुठे लपवावं, एवढंच तिला सुचत होतं.

"जा, आधी त्यांना फोन कर," काका म्हणाले. "तुला काय बोलायचं ते मी नंतर बोलतो. बसलोय इथेच."