नऊ खाचा पाणी

ऑक्टोबरच्या उन्हात डोहाचे पाणी एका दिवसात भाताच्या दाण्याच्या लांबीइतके उतरते. पाट बंद असले तरी उतरते. सकाळी माझ्या अंगावर जिथे ओल संपते, तिथे संध्याकाळपर्यंत पांढुरकी रेघ उमटते. त्या रेघेवर नखाएवढ्या दोन गोगलगाई असतात. एक ओलीबरोबर खाली सरकते, दुसरी जागच्या जागी वाळते.

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, अंजनाच्या लाकडाचा. अंजनाचे लाकूड पाण्यात टाकले तर तरंगत नाही, सरळ तळाशी जाते. म्हणूनच भोकरपाड्याच्या लोकांनी मला डोहात उभे करण्यासाठी निवडले. बारा वर्षे झाली. आता मी थकलो आहे. उभे राहण्याने लाकूड थकत नाही. माझ्याकडे पाहून लोक अर्धेच समजतात, त्याने मी थकलो आहे.

भोकरपाडा ही साक्री तालुक्यातली, चाळीस घरांची भिल्लांची वस्ती. पूर्वी दिवाळी झाली की इथे ट्रक यायचा आणि माणसे, भांडी, कोंबड्या असे सगळे भरून गुजरातेत ऊस तोडायला निघून जायचे. जे मागे राहत, ते पांझरेच्या काठी दुसऱ्यांच्या फडावर राखणदारी करत. फड म्हणजे अनेकांच्या शेतांचा एक मोठा तुकडा. त्यात सगळे एकच पीक घेतात आणि पाळीने एकाच पाटाचे पाणी घेतात. धनसिंगनानांनी अकरा वर्षे असा फड राखला होता. एकदा होळीला ते वस्तीत म्हणाले, "लोकेसनं पानी राखतस, मंग आपलं राखाले काय व्हयनं?"

त्यावर कोणी हसले नाही. पुढचे दोन उन्हाळे वस्तीने नाल्यावर दगड रचून बंधारा बांधला; हा डोह त्याच्यामागेच साठला. चुना बाहेरून आणला, बाकी सगळे हातचे होते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी नानांनी एक मोरी ठेवली. पहिल्या पुरात ती उघडायची, म्हणजे वाहून आलेला गाळ पाण्याबरोबर निघून जातो. हे त्यांनी पांझरेवर पाहिले होते.

मग मला आणले. नानांनी स्वतःच्या वितीने माप घेतले आणि कुऱ्हाडीने माझ्यावर तळापासून वर बारा खाचा पाडल्या. नियमही तेव्हाच ठरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी पाण्यात उतरायचे, माझ्यावर हात ठेवायचा आणि खाच मोठ्याने सांगायची. नऊ किंवा जास्त असेल तर बंधाऱ्याखालचे वस्तीचे तिन्ही फड पेरायचे. सात असेल तर दोन. पाच असेल तर एकच, आणि त्या एकातले पीक सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

पहिली वर्षे चांगली गेली. थंडीत गहू झाला, उन्हाळ्यात भुईमूग झाला. दिवाळीनंतरचा ट्रक आधी अर्धा रिकामा जाऊ लागला, मग यायचाच थांबला. बायका डोहात मासे धरून बाजाराला नेऊ लागल्या. धुळ्याहून पाहुणे येत, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मला त्याचा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

सत्त्याऐंशी साली पाऊस फार कमी झाला. डोह पहिल्या खाचेपर्यंत आटला. उघड्या पडलेल्या माशांच्या पाठी नाना रोज येऊन पाहत. पुढच्या जूनमध्ये पहिला पूर आला आणि मोरीतून गढूळ पाण्याचा लोट बाहेर पडला, तेव्हा ते त्यांना बघवेना. त्यांनी दगड आणि चिकणमाती घालून मोरी बुजवली. कोणी विचारले नाही. टंचाईनंतर पाणी अडवणाऱ्या माणसाला कोण विचारणार?

तेव्हापासून गाळ तळाशी बसू लागला. वर्षाला अर्ध्या खाचेहून थोडा जास्त. पाच वर्षांत माझ्या खालच्या तीन खाचा चिखलात गेल्या. पण डोह गढूळ असतो आणि माणसे वरूनच पाहतात. पाणी नवव्या खाचेला लागले की नाना "नऊ!" म्हणत आणि तिन्ही फड पेरले जात. मी खोटे सांगत नव्हतो. पाणी नऊवरच होते. फक्त त्यातला तीन खाचांचा भाग पाणी नव्हता.

फाल्गुन लागला की पाट आटत आणि शेवटच्या फडातला भुईमूग वाळत असे. दोष आला तानुबाईवर. तानुबाई म्हणजे वस्तीची पाटकरी. फावड्याने बांध फोडून कोणाच्या शेतात किती पाणी सोडायचे, हे काम तिचे. नवरा वारल्यावर वस्तीनेच तिला ते दिले होते. तिचे स्वतःचे शेत त्याच शेवटच्या फडात वाळत होते, पण हे कोणाच्या लक्षात राहत नसे.

तिने एकदा लांब बांबू माझ्या बुंध्याशी खुपसला आणि वर काढून नानांना दाखवला. बांबूला तीन खाचांएवढा चिखल लागला होता.

"नाना, पानी चोरी जात नही. गाळ बठस."

नानांनी बांबूकडे पाहिले. मग तो पाण्यात बुडवून चिखल धुऊन टाकला. "पुढला साल दखू," ते म्हणाले.

मोरी कोणी बुजवली हे त्यांना आठवत होते. शिवाय गाळ काढायचा तर डोह पूर्ण रिकामा करावा लागणार, एक वर्ष पीक नाही, म्हणजे काही घरांना पुन्हा त्या ट्रकमध्ये बसावे लागणार. ते कोणाला सांगायचे? पुढचे वर्ष आले. ते पुन्हा तेच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा खांब नसेल, पण घड्याळ असेल, तराजू असेल, भिंतीवर उंचीच्या खुणा असतील. अशा वस्तूंची पूजा करू नका. अधूनमधून त्यांच्याखाली हात घालून तळ चाचपा. आम्ही मोजतो, पण आम्हालाही कोणीतरी मोजावे लागते. ज्याने आमच्यावर खूण पाडली, त्यानेच ते केले तर बरे.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्यानंतर सगळी वस्ती बंधाऱ्यावर जमली. पाणी नवव्या खाचेला होते. वरच्या फडातला रुपचंद आधीच तापलेला होता.

"तानुबाई, पानी कथा जास वं? तुन्हा माहेरले पाट काढेल शे का?"

काही जण हसले. मागून कमलबाई म्हणाली, "तिन्हा माहेरले पाट ऱ्हाता, तर मीबी तठेच जाऊन ऱ्हायती! मन्हा भुईमूग तरी जगता."

"हसू नका," रुपचंद म्हणाला. "औंदा पाटकरी बदला. पाच साल फड वाळस, कोनी जबाबदारी लेवाव का नही?"

 तानुबाई भांडली नाही. तिने खांद्यावरचे फावडे उतरवले, बंधाऱ्याच्या दगडावर आडवे ठेवले आणि बाजूला झाली. तिचे हात रिकामे झाले, तेव्हा ते कुठे ठेवावे हे तिला कळेना.

नाना पाण्यात उतरले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, छातीपर्यंत पाणी. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखतो, त्याच्याच वितीने माझे माप घेतलेले आहे. आज तो पाण्याखाली एकेक खाच चाचपत चिखलापर्यंत उतरला. काठावरून सगळे "नऊ" ऐकण्यासाठी थांबले होते. रुपचंदने बियाण्याचे नावही काढले.

 नानांनी पाय खाली दाबला. चिखल गुडघ्याच्या वर आला. त्यांनी दुसरा पायही तसाच रोवला, म्हणजे हलता येऊ नये. मग ते काठाकडे वळले.

"खांबवर नववी खाच शे. पानी पाचच खाचा शे," ते म्हणाले. "बाकी गाळ. फावडं उचल, तानु. तुन्हं काही चुकनं नही. मोरी मी बुजी व्हती."

 रुपचंद दगडावरच्या फावड्यापासून बाजूला झाला.

"मंग औंदा काय पेराना, नाना?" कमलबाईने हळू विचारले.

"काहीच पेराना नही," नाना म्हणाले. "मोरी फोडा. पानी जाऊ द्या."